नाशिकच्या काळ्या मातीत बाग: लागवडीआधी आणि लागवडीनंतर मातीचं काय करायचं

नाशिकमध्ये घरासमोर बाग लावायची म्हटली की कुणीतरी सांगतंच, "आपली माती काळी आहे, तिला काही टाकायची गरज नाही." यातलं निम्मं खरं आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही माती पोटॅश आणि कॅल्शियमच्या बाबतीत बहुधा श्रीमंत असते आणि पाणीही भरपूर धरून ठेवते. ती कमी पडते हवेत आणि सेंद्रिय कर्बात. त्यात सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५ आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडी, म्हणून जमिनीत असलेलं लोह आणि जस्तही झाडाला मिळत नाही. बहुतेक बागा खताच्या कमतरतेने बिघडत नाहीत. ओल्या मातीत चालवलेलं फावडं आणि गरजेपेक्षा जास्त पाणी, ही दोन कारणं त्याआधी येतात.

आधी खड्डा खणा, मग रोपवाटिकेत जा

प्लॉटच्या मधोमध दोन फूट खोल खड्डा घ्या आणि त्याची एक भिंत खुरप्याने खरवडून नीट बघा. गोदावरीच्या आजूबाजूच्या सपाट भागात काळी माती खोलवर जाते. पांडवलेणी किंवा चामरलेणीसारख्या डोंगरांच्या उताराला हातभर खाली मुरूम लागतो. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे, जिथे पाऊस कित्येक पटींनी जास्त आहे, तिथली माती तांबूस आणि आम्लतेकडे झुकलेली असते. खाली दिलेले चुन्याचे आणि लोहाचे उपाय तिथे तसेच्या तसे लावू नका.

शहरातल्या नव्या प्लॉटवर मात्र यातलं काहीच वर दिसत नाही. वर बिल्डरने टाकलेला मुरमाचा भराव, त्यात विटांचे तुकडे, सिमेंटचा खच, प्लास्टरचा चुरा, आणि खरी माती त्याखाली दबलेली. हा राडारोडा मातीत मिसळून टाकायची चूक करू नका. सिमेंट आणि प्लास्टरमुळे आधीच चढलेला सामू आणखी चढतो. निदान दीड फूट भराव काढून बाहेर टाका. ते जमत नसेल तर त्यावर फूटभर उंचीचे गादीवाफे करा, त्यात बाहेरची चांगली माती आणि शेणखत भरा आणि मोठ्या झाडांचा नाद सोडा.

खड्ड्याच्या भिंतीत पांढरे, वाटाण्याएवढे खडे दिसले तर ती चुनखडी. कोरड्या मातीचा एक चमचा वाटीत घेऊन त्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर मुक्त चुना आहे. जितकी फसफस जास्त तितकं गुलाब, जास्वंद, मोगरा आणि लिंबू पिवळं पडण्याचं प्रमाण जास्त, हे आत्ताच धरून चाला.

पोत ओळखायला बरणी पुरते. उभी, सरळ काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा (ढेकळं फोडून, खडे काढून), वर पाणी, त्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोन तासांत बसतो तो गाळ. बाकी चिकणमाती, ती बसायला दिवस-दोन दिवस लागतात. स्केचपेनने तिन्ही वेळा खूण करा. समजा एकूण थर १० सें.मी. आणि त्यात वाळू २, गाळ ३, चिकण ५ आली, तर तुमची माती भारी. आपली चिकणमाती पाण्यात फुगते, त्यामुळे तो थर खऱ्यापेक्षा थोडा जाडच दिसतो, हे लक्षात ठेवा.

निचरा तपासताना बरेच जण फसतात. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा पाण्याने भरून पाणी किती वेळात जिरतं ते बघायचं, एवढं सोपं. पण हे मे महिन्यात, जमिनीला बोटभर भेगा असताना केलं तर पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि निचरा उत्तम असल्याचा भास होतो. म्हणून आदल्या दिवशी खड्डा भरून मुरू द्या, भेगा मिटू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मग तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला अडीच ते साडेसात सें.मी. असेल तर भाजीपाल्याला चांगलं. अडीचपेक्षा कमी असेल तर सपाट वाफे विसरा. तिथे गादीवाफाच लागतो.

शेवटची घरगुती चाचणी फारसं कुणी करत नाही, पण बोअरवेलवर बाग असेल तर कराच. सुक्या मातीचं बोराएवढं ढेकूळ पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्याने भरलेल्या ग्लासात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून खाली पसरलं आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही ढेकळाभोवती दुधाळ ढग तरंगत असेल तर मातीत सोडियम वाढलेला आहे, म्हणजे जमीन चोपण होत चालली आहे. जिप्समचा खरा उपयोग अशा जमिनीला.

प्रयोगशाळेत काय विचारायचं

जिल्ह्याच्या शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा खासगी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. नमुना घेताना बागेत नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, २० सें.मी. खोल खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरून खालपर्यंत खरवडून काढा. सगळी एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. पत्र्याची गंजकी बादली आणि गंजकं खुरपं वापरू नका, लोह-जस्ताचे आकडे खोटे येतात. खत टाकून तीन महिने झाले नसतील तर थांबा. कंपोस्टच्या ढिगाखालची, बांधालगतची आणि झाडाच्या बुंध्याजवळची माती नमुन्यात नको. फळझाडं लावायची असतील तर एक, दोन आणि तीन फुटांवरचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. चुनखडी पुष्कळदा वर नसते, खाली असते, आणि झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथे पोचल्यावर पिवळं पडतं.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मुक्त चुना या बारांत नाही. आपल्याकडे तोच कळीचा आकडा, म्हणून तो वेगळा मागून घ्या.

अहवाल हातात आला की आधी चार आकडे बघा. सामू ८.५ च्या वर असेल तर सोडियमचा संशय. क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असावी. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.६ च्या वर गेला तर बरं चाललंय. मुक्त चुना ५ टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक झाडं चालतात, १० च्या वर असेल तर लिंबूवर्गीय झाडं कुंडीत किंवा उंच वाफ्यातच लावलेली बरी. त्यानंतर लोह (४.५ पीपीएमच्या खाली कमतरता) आणि जस्त (०.६ च्या खाली कमतरता). पालाश बहुधा भरपूर निघतो. तसा निघाला तर पोटॅशची पिशवी दुकानातच राहू द्या.

वाफसा

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, बंगल्यातल्या माणसाला मात्र दरवर्षी सांगावं लागतं. काळी माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा ओलीवर, असतानाच तिला हात लावायचा. फूटभर खालची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे. नुसता चपटा झाला किंवा फावड्याला माती चिकटून येत असेल तर अजून दोन-तीन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर माती फार कोरडी आहे, आदल्या दिवशी हलकं पाणी द्या.

ओल्या मातीत खणलं, किंवा नुसते वाफ्यात पाय ठेवून चाललात, तर चिकणाचे कण एकमेकांवर दाबून बसतात. ते वाळले की विटेसारखी ढेकळं होतात आणि पुढचा अख्खा हंगाम ती फुटत नाहीत. मुळं त्यांना वळसा घालून जातात, आतलं अन्न तसंच राहतं. जुलैत रविवारी सुट्टी आहे म्हणून चिखलात केलेली लागवड ऑक्टोबरमध्ये का रुसते, त्याचं उत्तर इथे आहे. त्यामुळे वाफ्याची रुंदी साडेतीन-चार फुटांच्या पुढे नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, पाय आत जायलाच नको.

काय टाकायचं, किती, आणि काय अजिबात नाही

चांगलं कुजलेलं शेणखत हा पहिला आणि सगळ्यात मोठा खर्च. १०० चौरस फूट वाफ्यावर पहिल्या वर्षी ५ सें.मी. जाडीचा थर म्हणजे साधारण ४६० लिटर. घमेलं ११-१२ लिटरचं धरलं तर ४० घमेली. तो वरच्या २० सें.मी. मातीत वाफशावर मिसळा. दुसऱ्या वर्षापासून एक-सव्वा सें.मी. पुरे, म्हणजे ८ ते १० घमेली. त्याच्या जोडीला १०० चौरस फुटाला एक किलो निंबोळी पेंड. अहवालात स्फुरद कमी असेल तर ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, तेही शेणखतात मिसळून द्यायचं. चुन्याच्या जमिनीत नुसतं टाकलेलं स्फुरद लवकर बांधलं जातं.

शेणखत खरेदी करताना मूठभर हातात घ्या. वास शेणाचा नको, पावसाने भिजलेल्या मातीचा हवा. ढिगात हात घातला तर गरम लागता कामा नये, काड्या ओळखू येता कामा नयेत. गोठ्यातून थेट आलेलं हिरवट शेण मातीत गाडलं की हुमणी आणि वाळवीला आमंत्रण, शिवाय गाजरगवताचं बी फुकट. कच्चं मिळालं तर जानेवारीतच आणा, ओलसर ठेवा, महिन्याने एकदा खालीवर करा, मे अखेरीपर्यंत वापरण्याजोगं होतं.

वाळू टाकू नका. "माती चिकट आहे, दोन पोती वाळू मिसळा" हा सल्ला फार ऐकू येतो. भारी माती खरोखर हलकी व्हायची तर निम्म्याहून जास्त वाळू लागते. १०० चौरस फुटाला एक फूट खोलीपर्यंत म्हणजे ५० घनफूट. दोन पोत्यांनी फक्त चिकणातल्या फटी भरतात आणि माती आणखी घट्ट होते. वाळूच्या पैशांत इगतपुरीकडच्या भात गिरणीतला तूस आणि शेणखत आणा. तूस हळू कुजतो, त्यामुळे दोन-तीन वर्षं मातीत फटी राहतात. एका भागाला चार भाग शेणखत असं प्रमाण ठेवा.

चुना, राख आणि अंड्याची टरफलं हे आम्ल जमिनीचे उपाय आहेत. इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ दुसऱ्याच प्रकारच्या मातीत काढलेले असतात. नाशिकच्या काळ्या मातीत चुना आधीच जास्त आहे, त्यात टरफलं कुटून घालणं म्हणजे गोदावरीत तांब्याने पाणी ओतणं. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही इथे मातीत कॅल्शियम नसल्यामुळे सहसा पडत नाही. पाणी कधी भरपूर कधी अजिबात नाही, म्हणून कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

गंधक टाकून सामू उतरवायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. एक चौरस मीटर जागेतली वरची १५ सें.मी. माती साधारण २०० किलो. तिच्यात ८ टक्के मुक्त चुना असेल तर तो झाला १६ किलो. तो पूर्ण मारायला सुमारे ५ किलो शुद्ध गंधक लागेल, फक्त एका चौरस मीटरला, आणि खालून चुना आहेच. म्हणजे अख्ख्या बागेचा सामू बदलायचा नाद नको. मुळाभोवतीची मूठभर जागा सेंद्रिय पदार्थाने सांभाळायची.

जिप्समने सामू उतरत नाही. ढेकळाच्या चाचणीत दुधाळ ढग आला असेल आणि अहवालातही सोडियम दिसला असेल तरच चौरस मीटरला अर्धा किलो टाका, वरच्या १०-१५ सें.मी. मातीत मिसळा आणि त्यावर दोन-तीन वेळा भरपूर गोडं पाणी देऊन सोडियम खाली जाऊ द्या. खाली निचराच नसेल तर जिप्सम वाया गेलं.

जागा एक हंगाम मोकळी ठेवता येत असेल तर ताग पेरा. पहिला चांगला पाऊस झाला की गुंठ्याला एक किलो बी फोकायचं. ४५ ते ५० दिवसांनी कळ्या दिसू लागल्या की कापून, तुकडे करून, वाफशावर गाडायचा. फुलं उमलून गेल्यावर खोड तंतुमय होतं आणि कुजायला फार वेळ घेतं. गाडल्यापासून निदान तीन आठवडे काही लावू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला गाडलेला ताग कोबी, मेथी, गाजर अशा थंडीच्या भाज्यांना बरोबर वेळेवर मिळतो.

फळझाडाच्या खड्ड्याबद्दल एकच इशारा. मीटरभर खड्डा खणून त्यात सगळीच्या सगळी हलकी माती आणि कोकोपीट भरलं तर चहूबाजूंच्या चिकणमातीमुळे त्याचं टाकं होतं. पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि मुळं सडतात. निघालेली मातीच परत भरा, तिच्यात चौथा हिस्सा शेणखत घाला, खड्ड्याच्या भिंती टिकावाने खरबडीत करा आणि रोप जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच उंचवट्यावर लावा. खड्डा एप्रिलमध्ये खणून ऊन खाऊ द्यावा, भरणी मे अखेर, लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

लागवडीनंतर

पहिलं काम आच्छादन. उसाचं पाचट, गव्हाचा भुस्सा, वाळका पाला, काहीही चालेल, ५ ते ७ सें.मी. जाडीचं आणि खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटवलं तर पावसाळ्यात बुरशी लागते. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आपल्याकडे पोत्याने मिळतात, पण त्यांच्यावर हंगामभर मोरचूद आणि इतर औषधं फवारलेली असतात. त्या फुलझाडांखाली घाला, पालेभाजीत नको. आणि एक, सुका भुस्सा वर पसरायचा, मातीत मिसळायचा नाही. मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपं महिनाभर फिकट राहतात.

पाणी घड्याळ बघून देऊ नका. आच्छादन बाजूला सारून बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही. काळी माती वरून पांढरट, तडकलेली दिसते आणि चार बोटांखाली गार असते. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात, एप्रिलचं ऊन सुरू झालं की तीच पहिली होरपळतात. मोठ्या झुडपाला आठवड्यातून एक-दोनदा, पण फूटभर खोल पोचेल असं द्या. ठिबक असेल तर तोट्या खोडाशी नकोत, पसाऱ्याच्या कडेला हव्यात. जमीन तडकली तर भेगांत पाणी ओतू नका, ते मुळांना न मिळता खाली जातं. आधी खुरपणी करून भेगा भुसभुशीत मातीने बुजवा, वर आच्छादन घाला, मग सावकाश पाणी द्या.

आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी बागेला घालायची सवय घरोघर आहे. त्यात मूळ पाण्यातले क्षार दुप्पट-तिप्पट होऊन आलेले असतात. फरशी पुसा, गाडी धुवा, वाफ्यात नको. एसीचं पाणी मात्र बिनक्षाराचं, ते खुशाल वापरा.

आता पिवळी पानं, म्हणजे या मातीतली ठरलेली तक्रार. आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा. खालची, जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या, तर लोह कमी. जुलै-ऑगस्टमध्ये ही जाळी अचानक दिसू लागते, कारण चुन्याच्या जमिनीत पाणी साचून राहिलं की मुळांना लोह उचलता येत नाही. तेव्हा पहिला उपाय चर काढून पाणी काढून देणं.

तेवढ्याने हिरवं झालं नाही तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं दोन-तीन वेळा. हिराकसाचे खडे फिकट हिरवे हवेत, तांबूस-पिवळे झाले असतील तर ते गंजलेले, उपयोग नाही. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, आधी जुनी पोती अंथरा. हिराकस थेट मातीत टाकलं तर चुन्यामुळे काही दिवसांत निकामी होतं. जमिनीतूनच द्यायचं असेल तर १०० ग्रॅम हिराकस ५ किलो कुजलेल्या शेणखतात कालवून आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग आळ्यात घाला. चिलेटेड लोह विकत घेताना पाकीट नीट वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ७ च्या पुढे टिकत नाही आणि दुकानात बहुधा तेच पुढे करतात. आपल्याला ईडीडीएचए लागतं. ते महाग आहे, पण मध्यम झुडपाला ५ ते १० ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळाशी दिलं की नवी फूट हिरवी येते. पिवळी झालेली जुनी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नव्या फुटीवरून गुण बघा.

जीवामृत द्यायचं तर जरूर द्या: २० लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, तीन-चार दिवसांनी वाफसा असताना मातीवर ओता, आठवड्याच्या आत संपवा. त्यात अन्नद्रव्यं फार थोडी असतात. शेणखताची ४० घमेली वाचवायला म्हणून ते वापरणार असाल तर निराशा होईल.

ऑगस्टमध्ये एकदा वाफ्यातला फूटभर लांब-रुंद-खोल मातीचा ठोकळा काढून पोत्यावर फोडा आणि गांडुळं मोजा. दहा किंवा जास्त सापडली तर पुढच्या वर्षी खणायची गरज नाही, शेणखत वरून पसरा आणि आच्छादनाखाली झाका. तीन-चारच निघाली तर आणखी एक वर्ष मिसळणी करा. प्रयोगशाळेतली तपासणी दर दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यातच आणि त्याच जागांवरून करा. महिना बदलला की सेंद्रिय कर्ब आणि क्षारतेच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.